सर्व दोषांसह विकणे आहे

गाडी लाल होती, दोनच सीटची होती, टपाच्या जागी कापड होतं, आणि घरात ती चष्मेवालीच्या आधीपासून होती. म्हणून तिचं नाव 'थोरली'. हे नाव चष्मेवालीनंच ठेवलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नवऱ्यानं तिची पहिली ओळख गाडीशी करून दिली आणि दुसरी आपल्या आईशी. तेव्हाच तिला कळलं, की आपण इथे धाकटी.

नवरा सरकारी नोकरीत वजनकाटे तपासायचा. दुकानात शिरायचं, काट्यावर आपलं पितळी वजन ठेवायचं आणि काटा केसभर जरी चुकला, तरी दुकानदाराचं तोंड पुरतं उतरेपर्यंत शांतपणे त्याच्याकडे बघत राहायचं, हे त्याचं काम. गल्लीत त्याला सगळे निरीक्षक म्हणत; समोर आदरानं, पाठीमागे जरा आजूबाजूला बघून. खरेपणा हा त्याचा स्वभाव नव्हता, दुखणं होतं. त्याला वाढदिवसाला शर्ट दिला, तर तो आधी दोन्ही बाह्या एकमेकींना लावून बघायचा आणि मग 'आवडला' म्हणायचा. आवडला असेल तर.

चष्मेवालीचा धंदा नेमका उलटा. ती चष्म्याच्या दुकानात फ्रेमा दाखवायची. गोल चेहरा, चौकोनी चेहरा, हा चेहराच आहे ना अशी शंका यावी असा चेहरा, जो कोणी आरशासमोर बसेल त्याला ती म्हणायची, "ही तुम्हाला काय शोभतेय." माणसं सुखानं घरी जायची. तिच्या मते फ्रेम कधीच वाईट नसते, सांगणारा कमी पडतो.

असा हा संसार. एक माप घेणार, दुसरी मापात बसवणार. तरी बरा चालला होता.

गाडी विकायची वेळ आली ती चष्मेवालीच्या बाबांमुळे. बाबा एकटे राहायचे, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. एकदा जिन्यात पाय घसरला आणि गुडघा कायमचा रुसला. डॉक्टरांनी सांगितलं, जिना विसरा. ते डॉक्टरांचं खालच्या मजल्यावर बसून सांगणं होतं. तेव्हापासून बाबा वरच. दूध, औषधं, वर्तमानपत्र, सगळं दोरीला बांधलेल्या पिशवीतून खिडकीपर्यंत ओढून घ्यायचे. रस्त्यावरच्या पोरांनी त्या पिशवीत एकदा बेडूक टाकला होता. बाबांनी तो कुंडीत ठेवला. म्हणाले, "तेवढीच सोबत."

चष्मेवाली फोन करायची. "बाबा, कसे आहात?"

"वर आहे," ते म्हणायचे. "अजून फार वर गेलो नाही."

चष्मेवालीच्या घराखाली गॅरेज होतं. त्याला धड खिडकी होती, शेजारी न्हाणीघर होतं. आत थोरली ऐसपैस झोपलेली असायची आणि तिकडे बाबा कबुतरासारखे खिडकीत बसलेले. थोरली निघाली तर गॅरेजची खोली होणार होती आणि तिच्याच पैशांतून खोलीचा खर्चही निघणार होता. गवंडी बघून गेला होता. पान चघळत म्हणाला होता, "येत्या सोमवारचा पुढचा सोमवार. तेव्हा खोली रिकामी असली तर हात लावतो. नंतर मोठ्या इमारतीचं काम घेतलंय. मग वर्षभर मी तुमचा नाही."

गंमत म्हणजे निरीक्षकानं एका अक्षरानं विरोध केला नाही. "बाबा आधी," म्हणाला, आणि गाडीचं बॉनेट उघडून बराच वेळ आत डोकं घालून उभा राहिला. बॉनेटमध्ये डोकं घातलेल्या माणसाचे डोळे कोणाला दिसत नाहीत. ही सोय गाडी बनवणाऱ्यांनी मुद्दामच केलेली असणार.

अडचण एवढीच होती, की थोरलीत काही खोडी होत्या. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. उजवीकडे ती वळायची मुकाट, सोशिक माणसासारखी. शेजारच्या सीटचं दार बंद केलं की त्याची काच धाडकन आत पडायची. वायपर फिरायचा, पण रेडिओ लावलेला असेल तरच, आणि बातम्या लागल्या की थांबायचा. पेट्रोलचा काटा टाकी भरली तरी अर्ध्यावर आणि रिकामी झाली तरी अर्ध्यावर, एखाद्या विरक्त माणसासारखा. निरीक्षकाला हे सगळं तोंडपाठ होतं. डावं वळण आलं, की तो आधीच रस्त्यावरच्या लोकांना हात जोडायचा.

"विकायच्या आधी जरा दुरुस्त करून घेऊ या का?" चष्मेवालीनं विचारून बघितलं.

निरीक्षकानं हातातला कप खाली ठेवला. "अगं, तपासणीच्या आधी काट्याला गुपचूप हात लावणं म्हणजे काय, माहीत आहे? आमच्याकडे काटा खोटा निघाला तर दंड होतो. पण तपासणीच्या तोंडावर न सांगता नीट केलेला सापडला, तर दुकानाला टाळं. खोटा काटा चूक असते. चोरून खरा केलेला काटा हा डाव असतो."

"पण काटा तर खरा झाला ना?"

"म्हणूनच तर," निरीक्षक म्हणाला. "किती वाईट माणूस असेल बघ."

चष्मेवालीनं कप उचलून विसळला. मग निरीक्षक चार दिवसांच्या प्रशिक्षणासाठी परगावी गेला आणि तिनं मेकॅनिकला फोन लावला.

मेकॅनिक अर्ध्या तासात हजर. त्यानं गाडीकडे असं पाहिलं, की चष्मेवालीला वाटलं आपण मध्ये उभं राहू नये.

"वहिनी, खरंच सगळं करू?"

"सगळं."

"इतकी वर्षं साहेब गाडी आणायचे आणि म्हणायचे, इंजिन तेवढं बघ, बाकीच्याला हात लावू नकोस, तो तिचा स्वभाव आहे. माझे हात शिवशिवायचे हो. रात्री स्वप्नात हॉर्न वाजायचा."

"साहेबांना कळता कामा नये."

"मी काय वेडा आहे?" मेकॅनिक म्हणाला आणि वेड्यासारखा कामाला लागला. निरीक्षक परतला तेव्हा थोरली होती तिथेच होती, धुळीसकट. धूळ मेकॅनिकनं परत जागच्या जागी टाकली होती. त्या कलाकारीचे त्यानं वेगळे पैसे घेतले.

चष्मेवालीचा हिशेब साधा होता. गिऱ्हाईक येईल, गाडी चालवून बघेल, गाडी छान चालेल, गिऱ्हाईक गाडी घेईल. या हिशेबात ती फक्त नवऱ्याला धरायला विसरली.

पहिले आले ते बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर. पांढरी टोपी, पांढरे बूट, जन्मभर दुसऱ्यांना गाड्यांची कर्जं देऊन झाल्यावर आता स्वतःची हौस. निरीक्षकानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दोष सांगायला सुरुवात केली. काहीही हातचं राखलं नाही. मॅनेजर हसले. "वा. इतका सरळ विक्रेता पहिल्यांदा बघतोय. चला, तो हॉर्न तर ऐकू या."

दोघं चक्कर मारायला गेले. चष्मेवाली खिडकीत उभी. कोपऱ्यावर गाडी डावीकडे वळली. शांतता. पुढच्या कोपऱ्यावरही शांतता. निरीक्षक त्यांना घेऊन सगळी गल्ली डावीकडून डावीकडे फिरला, घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा. एका ठिकाणी तर त्यानं सवयीनं लोकांना हात जोडले आणि लोकांनी काही कारण नसताना उलट नमस्कार केला.

परत आल्यावर मॅनेजर हसत नव्हते. "तुम्ही म्हणालात हॉर्न वाजतो."

"नेहमी वाजतो. आज काय झालंय कळत नाही."

"काचही पडली नाही. वायपर रेडिओशिवाय फिरला."

"तेच मी म्हणतोय."

मॅनेजरांनी टोपी काढून पुसली. "साहेब, उभ्या नोकरीत दोष लपवणारे पुष्कळ बघितले. नसलेले दोष सांगणारा माणूस आज पहिल्यांदा बघितला. एवढे तीन खोटे दोष पुढे करून तुम्ही मागे जे काही लपवताय ना, ते फार मोठं असणार." आणि पाणी अर्धं ठेवून ते निघून गेले.

दुसरा आला तो व्यायामशाळेत शिकवणारा तरुण. त्यानं आल्या आल्या निरीक्षकाला 'काका' म्हटलं आणि निरीक्षकाचं मन तिथेच थोडं वाकलं. तरी त्यानं कर्तव्य सोडलं नाही. "दार लावलं की काच पडते. बघ." दार लावलं. काच जागेवर. पुन्हा लावलं, जरा जोरात. काच खिळल्यासारखी. "तू लाव," निरीक्षक म्हणाला, "तुझ्या हातात ताकद आहे." त्या बिचाऱ्यानं दार असं आपटलं, की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. काच हलली नाही.

"अजून जोरात."

"काका, पडली तर फुटेल ना."

"फुटू दे. पण पडू दे."

तरुण थबकला. त्यानं झाडावर बघितलं, पलीकडच्या गच्चीवर बघितलं, कुंडीमागे वाकून बघितलं. "कॅमेरा कुठे लावलाय?" त्यानं विचारलं. "मला असल्या व्हिडिओत यायचं नाही. माझ्याकडे शिकायला येणारे लोक बघतात." कोणीही काही सांगायच्या आत तो स्वतःच्या स्कूटरवर बसून गेला.

वर स्वयंपाकघरात चष्मेवालीनं कपाळाला हात लावला. गाडीत दोष होते तेव्हा कदाचित कोणी घेतली असती. आता दोष नव्हते, तर गाडी विकली जात नव्हती. जे तिनं बाबांसाठी केलं होतं, तेच बाबांना चौथ्या मजल्यावर डांबून ठेवत होतं. सांगून टाकावं, तर तो 'डाव' हा शब्द तिच्या कानात होता. गाडी विकली गेली की सांगू, असं तिनं ठरवलं. जी गोष्ट कधीच सांगायची नसते, तिच्याबद्दल माणूस असंच ठरवतो.

त्या आठवड्यात मेकॅनिकचा दबक्या आवाजात फोन आला. "वहिनी, साहेब आलेत. म्हणतात हॉर्न बिघडलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे वाजत नाही, म्हणून बिघडलाय. पहिल्यासारखा कर म्हणतात. काय करू?"

"काही करू नका."

"मी 'बघतो' म्हणून गाडीखाली शिरलोय. इथूनच बोलतोय. बाहेर कधी येऊ?"

"ते गेले की."

"ते जात नाहीयेत, वहिनी. खुर्ची मागितलीय."

संध्याकाळी निरीक्षक उशिरा घरी आला. जेवला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो."

चष्मेवालीच्या हातातला चमचा थांबला. "कशाला?"

"म्हटलं, हॉर्न वाजत असेल आणि मलाच ऐकू येत नसेल. कान स्वच्छ आहेत म्हणाले." मग तो म्हणाला, "मॅनेजरांना मी खोटं सांगितलं असं झालं. त्या पोरालाही. माझ्याकडून असं कधी झालं नव्हतं गं."

चष्मेवाली आयुष्यभर लोकांना फ्रेम शोभते असं सांगत आली होती आणि एकदाही तिचा घास अडकला नव्हता. आज अडकला. तरी तिनं उठून नुसती ताटं उचलली.

गवंड्याच्या सोमवारला दोनच दिवस उरले, तेव्हा दातांची डॉक्टरीण आली. पन्नाशीची, केस बारीक कापलेले, हातात छोटी बॅटरी. नमस्कार झाला. निरीक्षकानं दोष सांगितले. पण आता त्याचा आवाज आधीसारखा नव्हता, आरोपीनं जबाब द्यावा तसा होता. शेवटी स्वतःच म्हणाला, "पण डॉक्टर, यातलं काहीही आज होणार नाही. का होत नाही, ते मला माहीत नाही. मी वेडा नाही. कान तपासून आणलेत."

डॉक्टरीणबाईंना आश्चर्य वाटलं नाही. "त्यात काय. माझ्याकडे रोज होतं. रात्रभर दाढ ठणकते म्हणून माणूस धावत येतो, खुर्चीत बसला की ठणका गायब. मग मी म्हणते, दुखायचं थांबलं म्हणजे दोनच शक्यता. एक तर आतली नस मेली, नाहीतर माझ्या आधी कोणीतरी त्यात हात घातलाय." असं म्हणून त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं आणि बॅटरी मारून वाकून आत बघू लागल्या. निरीक्षकाला त्या "आ करा" म्हणतील असं वाटून गेलं.

"ही बघा," त्या म्हणाल्या. "एवढ्या जुनाट, पिवळ्या वायरींत ही एक नवी कोरी. आणि हा स्क्रू. चमकतोय. नवी भरलेली दाढ लपत नाही. कोणी काम केलंय? तुम्ही?"

"मी तर..." निरीक्षक म्हणाला. तो त्या वायरीकडे असा बघत होता, जशी ती त्याच्याच कानातून निघाली असावी.

चष्मेवाली दारात उभी होती. तिच्या तोंडात उत्तर तयार होतं: कारखान्यातूनच तशी आली असेल. जन्मभराचा सराव, सहज निघालं असतं. पण तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या चेहऱ्याला ती फ्रेम शोभणार नव्हती.

"मी करून घेतलं," ती म्हणाली.

"काय?"

"दुरुस्ती. तुम्ही प्रशिक्षणाला गेलात तेव्हा. हॉर्न, काच, वायपर, पेट्रोलचा काटा."

"काटा पण?"

"तो नेहमी अर्ध्यावर असायचा, अहो."

"असायचा. पण खोटा आहे हे मला माहीत होतं. त्यामुळे तो खरा होता." निरीक्षकाचा आवाज चढला, म्हणजे इतरांच्या साध्या बोलण्याइतका झाला. "मी दोन माणसांशी खोटं बोललो. एकाला दार आपटायला लावलं. तू वरून बघत होतीस."

"बघत होते. आणि तिकडे बाबा खिडकीतून बघतायत. किती महिने? त्यांना खाली आणायचं म्हणून केलं. दागिने करायला नाही पळवली गाडी."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं, तर तुम्ही ती परत बिघडवून घेतली असती."

निरीक्षकानं तोंड उघडलं. कोणीही साधा नवरा इथे 'छे' म्हणाला असता. त्याचं दुखणं आड आलं.

"घेतली असती," तो म्हणाला.

मग तो हळूच म्हणाला, "कानात पाणी सोडतात ते. नळीनं."

"मला माहीत आहे हो," चष्मेवाली म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "सांगायला हवं होतं."

हे सगळं चाललं असताना डॉक्टरीणबाई थोरलीत जाऊन बसल्या होत्या, बाहेरच्या खोलीत नंबर यायची वाट बघावी तशा. आता त्यांनी काच खाली केली. "झालं? नसेल झालं तर मला घाई नाही. गाडी मी घेतेय."

"तुमचा विश्वास बसला?" चष्मेवालीनं विचारलं.

"रोज घासता का, असं मी दिवसभर विचारते आणि दिवसभर लोक हो म्हणतात. त्यातून एक कळतं, खोटं नेहमी गुळगुळीत असतं. एवढं खडबडीत भांडण कोणी ठरवून करू शकत नाही. सगळं दुरुस्त झालंय, हे मला आता नक्की कळलं."

"नाही," निरीक्षक म्हणाला. "फेरतपासणी केल्याशिवाय मी ती देऊ शकत नाही. निदान आठवडा..." तो थांबला. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग गॅरेजच्या त्या खिडकीकडे. सोमवार तिथे पान चघळत उभा असल्यासारखा त्याला दिसला असावा. मग तो म्हणाला, "पाऊस नसल्यानं एक दोष सांगायचा राहिला. टपाचं कापड गळतं. शेजारी बसणाऱ्याच्या उजव्या गुडघ्यावर." आणि भीत भीत बायकोला, "की तेही शिवलंस?"

"नाही. मेकॅनिक म्हणाला, ते माझं काम नाही."

निरीक्षकाचा चेहरा असा उजळला, की डॉक्टरीणबाईंनी बॅटरी बंद केली. तो धावत न्हाणीघरात गेला आणि बादली भरून आला. "डॉक्टर, शेजारच्या सीटवर बसा. गुडघा जरा पुढे." त्यानं टपावर सावकाश, मापात पाणी ओतलं. तिघांनी श्वास रोखले. शिवणीत एक थेंब जमला, फुगला, लोंबला आणि टपकन डॉक्टरीणबाईंच्या उजव्या गुडघ्यावर पडला.

"बघा," निरीक्षक म्हणाला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच तो ताठ उभा होता.

"दिसलं," डॉक्टरीणबाई गुडघा पुसत म्हणाल्या. "चालेल. या सीटवर माझा नवरा बसेल."

संध्याकाळच्या आत थोरली सासरी गेली. निरीक्षक कोपऱ्यापर्यंत मागोमाग चालत गेला आणि टायरमध्ये हवा कमी आहे की काय हे बघायला गेलो होतो, असं परत येऊन म्हणाला. चष्मेवालीनं विश्वास ठेवल्यासारखं केलं. खोटं बोलायची त्याची ती पहिलीच वेळ होती. नवशिक्याला उत्तेजन द्यावं लागतं.

गवंडी सोमवारी आला. महिनाभरात जमिनीवर फरशी बसली, भिंतींना रंग लागला, पलंग आला. मग चष्मेवालीनं बाबांना फोन लावून सांगितलं, की दोन माणसं खुर्ची घेऊन तुम्हाला उतरवून आणायला येतायत, सामान बांधा, बेडूकही घ्या. ती पुढे काही बोलणार, तेवढ्यात निरीक्षकानं फोन मागून घेतला.

"बाबा, येण्याआधी सांगतो. खोलीत अजून तेलाचा वास येतो. दुपारचं ऊन थेट उशीवर पडतं. आम्ही वर चाललो की खाली ऐकू येतं. न्हाणीघराचं दार फुगलंय, खांदा लावावा लागतो."

"वास अजिबात येत नाही, बाबा," चष्मेवाली बाजूनं म्हणाली. "आणि ऊन छान कोवळं असतं."

"दुपारचं?" निरीक्षक म्हणाला.

पलीकडून बाबा म्हणाले, "जावईबापू, पायऱ्या किती?"

निरीक्षक टेप घेऊन दारापाशी गेला, खाली बसला, मोजलं, पुन्हा मोजलं आणि येऊन फोन उचलला.

"पायरी नाही. उंबरा आहे. दीड इंच."

"तेवढा चढेन," बाबा म्हणाले. "बाकीची नावं तिथे येऊन ठेवतो."